गाडी तापण्याची कारणे

१२ जानेवारी
थंडीत इंजिन गरम व्हायला पंधरा मिनिटं लागतात. आज कायमचा बंदोबस्त केला. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या आत बसवला. वारा बंद. इंजिन चार मिनिटांत गरम! बाहेरून दिसू नये म्हणून पुढून काळा रंग दिला, मागे मार्करने सूचना लिहिली. मी पद्धतशीर माणूस आहे. एकोणीस वर्षांची गाडी उगाच नाही टिकत. गॅरेजवाल्याला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

६ एप्रिल
ऊन मी मी म्हणतंय. सिग्नलला सुई थेट लाल रेषेवर. कारण उघड आहे: पेट्रोलमध्ये भेसळ. पंप बदलणार.

संध्याकाळी प्रेसवाल्या काकांच्या मुलीचा फोन. काकांचं काही खरं नाही, आप्पांना एकदा भेटायचं म्हणतायत. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि ते एकतीस वर्षं एकाच छापखान्यात. काका अक्षरांचे खिळे जुळवायचे, आप्पा समोर बसून प्रुफं तपासायचे. काकांचं गाव चाळीस किलोमीटर. आप्पा म्हणाले, उद्याच निघू. म्हटलं, रविवारी. आधी गाडीकडे बघतो. बायको म्हणाली, टॅक्सी करा. दारात गाडी असताना टॅक्सी! लोक तोंडात शेण घालतील.

९ एप्रिल, रविवार
आप्पा इस्त्रीचा सदरा घालून तयार. हात थरथरतात, बटणं लावायला पाऊण तास. पण मदत केलेली खपत नाही. अकराव्या किलोमीटरला बॉनेटमधून वाफ. परत. कारण: रेडिएटरचं झाकण. बदललं. प्रश्न मिटला.

१३ एप्रिल
पुन्हा फोन. काकांनी जेवण सोडलंय. सारखं विचारतात, निघाला का. शेजारचा बँकवाला म्हणाला, माझी नवी गाडी आहे, मीच सोडतो आप्पांना. गोड बोलून कटवला. याला बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नाही आणि हा आम्हाला सोडणार.

१६ एप्रिल, रविवार
नवी युक्ती. हीटर फुल्ल ठेवायचा, म्हणजे इंजिनची उष्णता आत ओढली जाते. शास्त्रीय आहे. काचा उघड्या होत्या, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. आप्पांचा सदरा घामाने चिकटला. किती राहिलं, एवढंच विचारत होते. एकोणिसाव्या किलोमीटरला त्यांना उलटी झाली. परत फिरावं लागलं. सुई मात्र लाल रेषेच्या खालीच होती! प्रयोग यशस्वी. अडचण फक्त प्रवाशाची.

बायकोने अबोला धरलाय. कामाला शांतता बरी.

२० एप्रिल
थर्मोस्टॅट काढून टाकला. कूलंट नवीन. पंखा तपासला, फिरतोय. आता शंभर टक्के. बायकोने अबोला मोडला तो गॅरेजवाल्याला बोलवा म्हणायला. काही गरज नाही. तो आला की आधी पुढची जाळी काढून बसतो. उगाच. काम केल्यासारखं दाखवायला.

२३ एप्रिल, रविवार
आप्पा साडेसहालाच गाडीत जाऊन बसले. पट्टासुद्धा लावला. बरं वाटलं. घरात एकाचा तरी माझ्यावर विश्वास आहे. मी दहाला निघालो, हत्यारांच्या पेटीत पाने नीट लावून घ्यायचे होते. घाईत काम बिघडतं.

सत्ताविसाव्या किलोमीटरला वाफ. गाडी झाडाखाली लावली. तिथे बारा चाळीसला मुलीचा फोन. काका गेले. आप्पांनी ऐकून घेतलं, फोन माझ्याकडे दिला आणि गळ्याचं बटण काढलं. बाकीची तशीच.

मी म्हटलं, आता घाई नाही, इंजिन नीट निवू दे. त्यांनी पट्टासुद्धा सोडला नाही. धक्का बसला असणार.

२४ एप्रिल
अंत्यविधीला आप्पा बँकवाल्याच्या गाडीने गेले. सोबत बायको. मागे एक जागा रिकामी होती. मला कोणी चल म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी गेलो नसतो. थोडं वायरिंग बघायचं होतं.

२६ एप्रिल
बायकोने परस्पर गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने जाळी काढली, आत हात घातला आणि पुठ्ठा बाहेर ओढला. दोन मिनिटं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

आप्पा पायरीवर बसले होते. पुठ्ठा मागून घेतला. चष्मा लावला. मागची सूचना प्रूफ तपासावं तशी बोट ठेवून वाचली. उन्हाळा लागताच काढणे, विसरू नये. खाली तारीख, माझी सही. मला म्हणाले, अक्षर तुझं आहे. पुठ्ठा माझ्या हातात दिला आणि आत गेले. जेवले नाहीत.

वास्तविक सूचना पुढच्या बाजूला हवी होती. पुढच्या वर्षी तसं करणार.

३० एप्रिल, रविवार, दुपारी
आप्पांना विचारलं, येता का, गाडी आता झकास आहे. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एकटाच गेलो. चाळीस किलोमीटर, भर उन्हात, पंचावन्न मिनिटांत. सुई अर्ध्याच्या वर गेली नाही. काकांच्या दारात गाडी उभी केली. मुलगी धावत बाहेर आली, वाकून बाजूच्या सीटवर पाहिलं. आप्पा कुठे, म्हणाली.

सांगितलं, आज नुसती ट्रायल आहे.