सूनबाईच्या डबीची टकटक

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे म्हणून अर्धाच वाकलो, उरलेला समक्ष.) तुझा गुडघा कसा आहे? नवी कवळी बसली का, की अजून डब्यातच असते? माझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे झोप नाही, अन्न जात नाही, छातीत धडधडते, पण त्याला कारण आहे आणि ते कारण या घटकेला बाजारातल्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर पडले आहे. फोन केला नाही, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडावे लागते. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

मुलगा आणि सूनबाई आठवडाभरासाठी परगावी गेले आहेत. मला घरात एकटे ठेवून जाण्याची ही पहिलीच वेळ. ही माझी परीक्षा आहे. तसे कोणी म्हटलेले नाही, पण जाताना मुलगा चपला घालता घालता म्हणाला, "बघू, बाबा, कसं जमतंय. नाहीच जमलं तर दिवसाची बाई ठेवू." बाई म्हणजे म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवणारी. समोरच्या चष्मेवाल्यांकडे (त्यांचे चष्म्यांचे दुकान होते) तशी एक आहे. ती त्यांना भर जिन्यात, सगळ्यांदेखत विचारते, "आजोबा, शू करून घेतली ना?" चष्मेवाले माझ्याहून लहान आहेत. ताई, मी जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी केली, अख्ख्या वस्तीला पाणी पाजले, आणि आता मला कोणी जिन्यात शू विचारणार?

तर सूनबाई घरांचे नकाशे काढते हे तुला ठाऊक आहेच. आजवरचे तिचे सगळे नकाशे एका काळ्या डबीत राहतात. डबी साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, तिला हार्ड डिस्क म्हणायचे. जाताना तिने ती वायरने लॅपटॉपला जोडून ठेवली आणि मला बजावले, "बाबा, यात नकाशे भरले जातायत. उद्यापर्यंत चालेल. तुम्ही फक्त लॅपटॉप मिटू नका आणि डबीला हात लावू नका." मी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी केस कापायला निघालो, कुलूप लावले, दोन पायऱ्या उतरलो आणि मनात आले की आत काहीतरी चालू आहे. आता पंपावरचा माणूस चालू मोटर टाकून कधी जात नाही. साहेबाने बोलावले तरी जात नाही. मी परत वर गेलो आणि वायर ओढली. (वायर म्हणजे डबी नव्हे, असे माझे म्हणणे आहे.) घाईत जरा तिरकी ओढली गेली. केस कापून आलो, पुन्हा जोडली, तर आतून टक टक. मग गप्प. मग पुन्हा टक टक. लॅपटॉपवर इंग्रजीत एक पाटी आली. माझे इंग्रजी सातवीतच सुटले, त्यामुळे अक्षरे लागतात पण ती रागावली आहेत की नुसती बोलत आहेत ते कळत नाही. खाली ओके लिहिले होते. सगळे ओके आहे असे समजून मी ते दाबले. पाटी गेली आणि तिच्याबरोबर डबीचे चित्रही गेले.

मग मी तपासणी सुरू केली. आधी हात लावून पाहिला, तर अंग गरम. मग पेचकसाचे टोक डबीवर टेकवले आणि मूठ कानाला लावली. पंपाचे बेअरिंग असेच ऐकतात, आणि माझा कान कधी चुकला नाही (एकदा चुकला होता, तेव्हा बाजारपेठ दोन दिवस कोरडी राहिली, पण ते सोड). आवाज ऐकून माझे निदान असे झाले की डबीने हवा धरली आहे. पंपाने हवा धरली की वरून पाणी ओततात. घाबरू नकोस, ओतले नाही. भांडे भरून जवळ ठेवले होते, पण हात धजला नाही.

शेवटी चष्मेवाल्यांना बोलावले. कोणाला सांगणार नाही असे त्यांनी कबूल केले, पण त्यांच्या मागोमाग त्यांची बाईही आली आणि दाराला टेकून उभी राहिली. चष्मेवाले म्हणाले, असली डबी तापली की तिला फ्रीजमध्ये ठेवायची, त्यांच्या पुतण्याने ठेवली होती. मी पिशवीत गुंडाळून दुधाशेजारी ठेवली. पुतण्याची डबी बरी झाली का हे विचारायचे राहिले, म्हणून रात्री त्यांचे दार वाजवले. ते म्हणाले, "नाही हो, त्याची तर गेलीच!" मी धावत येऊन बाहेर काढली. तिला दरदरून घाम फुटला होता. मलाही.

आज सकाळी दुरुस्तीवाला गाठला. त्याने विचारले, "आजोबा, पाडली का?" मी म्हटले, नाही. "आपटली?" नाही. "मग इतकी ओलसर का लागतेय?" मी हवामानाबद्दल काहीतरी बोललो. त्याने सांगितले की नुसती वायर गेली असेल तर काहीच नाही, वरचे कवच गेले असेल तर थोडे काम आहे, पण आतली तबकडीच गेली असेल तर... आणि पुढे त्याने फक्त "च्" केले. तो "च्" घेऊन मी घरी आलो आहे. सकाळपासून तो माझ्या कानात आहे. कुठेतरी एखादा गवंडी हातात वीट धरून उभा असेल आणि दार कुठे ठेवायचे म्हणून विचारत असेल, असे सारखे दिसते. संध्याकाळी या म्हणाला आहे. संध्याकाळ काही होत नाही.

तुझी सून, नातवंडे खुशाल असतील. गुडघ्याला शेक घे.

तुझा
धाकटा

ता. क. – लिहायचे होते ते राहिलेच. तू पत्र मिळताच निघून ये आणि डबी तुझ्या हातून पडली असे सांग. तुला कोणी काही म्हणत नाही. मागच्या खेपेला तू मुलाचा मोबाइल धुण्यात टाकलास तर सगळे पोट धरून हसले आणि सूनबाईने तुला वर चहा करून दिला. माझ्या हातून नुसता चमचा पडला तरी दोघे एकमेकांकडे बघतात.

ता. क. २ – आनंदाची बातमी! डबी ठणठणीत आहे. वायरच गेली होती. अर्धीच वीज पोचत होती म्हणून बिचारी उठायची आणि बसायची, तीच ती टकटक. खात्री करायला लॅपटॉप घेऊन या, असे दुरुस्तीवाला म्हणाला. सूनबाईने लॅपटॉप मिटायचा नाही असे सांगितले होते, म्हणून उघडाच दोन्ही हातांवर धरून पाहुण्यांना चहा न्यावा तसा बाजारातून नेला. नव्या वायरीवर सगळे नकाशे दिसले. मी एका घराचा जिना तर डोळे भरून पाहिला. तेव्हा तू आता येऊ नकोस.

ता. क. ३ – ये. आनंदाच्या भरात मी दुकानातच लॅपटॉप मिटला आणि चष्मा आत राहिला. चष्म्याला काही झालेले नाही. लॅपटॉपच्या काचेला मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला आहे. तेव्हा वर लिहिले आहे तसेच सांगायचे, फक्त डबीच्या जागी लॅपटॉप म्हणायचे.

ता. क. ४ – हे पत्र पाकिटात घालत होतो तोच मुलाचा फोन आला. चष्मेवाल्यांच्या बाईने काहीतरी कळवलेले दिसते. सगळं ठीक ना, म्हणून विचारत होता. माझ्या तोंडून निघून गेले की ताई आली आहे. त्याला फार बरे वाटले, लगेच म्हणाला, आत्याला फोन द्या. मी सांगितले, ती अंघोळीला गेली आहे. आत्ता पुन्हा त्याचा फोन आला होता. तू अजून अंघोळच करते आहेस. पत्र पहाटेच्या दूधगाडीवाल्याबरोबर पाठवतो. ती गाडी इकडे परत फिरेल तिच्यातच बसून ये. एवढा वेळ पाण्यात राहिलीस तर ते माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी बाई ठेवतील.