काढलेला पार्ट

बाबा, उद्या अकरा वाजता मला एका कागदावर सही करायची आहे आणि तो कागद तुमच्याबद्दल आहे. त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूवर मी हे लिहायला बसले आहे. चार पानांचा फॉर्म आहे, चारही पानं एकाच बाजूने छापलेली. स्पेअर पार्टच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून त्यांच्या आतल्या बाजूवर तुम्ही मला अक्षरं गिरवायला लावलीत, तेव्हापासून कोरी बाजू दिसली की माझा हात तिकडेच जातो. शाळेत बाकीच्या मुलांचा क कमळाचा होता, माझा क्लचचा होता. बाई हसल्या होत्या, आणि मी घरी येऊन रडले होते. आज रविवार आहे, दुपार आहे, कूलर चालू आहे. आई आतल्या खोलीत ट्रंक उघडून तुमचा फोटो शोधते आहे, गॅरेजच्या दारातला, हातात पाना असलेला. तोच जाहिरातवाल्यांना हवा आहे. भिंतीवरचा हार घातलेला त्यांना चालत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्याला तेरा वर्षं झाली, म्हणून मी काय करते हे तुम्हाला आधी सांगायला हवं. धरमपेठेत एका लहानशा जाहिरात कंपनीत मी मराठी मजकूर लिहिते, जास्त करून मोटारींचा. वरून हिंदीत आलेलं असतं, त्याचं मराठी करायचं. कधीमधी स्वतःचंही काही लिहायला मिळतं. तुम्हाला हसू येईल हे मला माहीत आहे. अमरावती रोडला लागून असलेल्या वाडीतल्या आपल्या खोलीत मॅच चालू असायची, षटक संपलं की मोटारीची जाहिरात लागायची, आणि तुम्ही ताटावरचा हात थांबवून टीव्हीला विचारायचात, "काहून गा, ह्या रस्त्यावर एकही ट्रक नाही? वाडीत आणून दाखवा म्हणा एक डाव." तुमचं बघणं मला अजून येतं. जाहिरातीतला रस्ता नेहमी नुकताच धुतलेला असतो. गाडीवर धूळ नसते, आणि असली तर ती शोभेला उडवलेली असते. बॉनेट कधीच उघडत नाही. तुम्ही कंपन्यांची वाटणी केली होती. एक कंपनी भीती विकते, तिच्यात लहान मूल रस्त्यावर येतं आणि ब्रेक लागतो. दुसरी शेजाऱ्याचं तोंड विकते, गाडी दारात उभी राहिली की समोरच्या गॅलरीतला माणूस चहा प्यायचं विसरतो. आणि तिसरीत म्हातारा बाप मुलीच्या हातात चावी ठेवतो. "हे गाडी नाही विकून राहिले वं, बाप विकून राहिले," असं म्हणून तुम्ही हसायचात. पण ती लागली की तुम्ही ताटाकडे बघायचात, हे माझ्या लक्षात आलं होतं.

आता मी टीव्हीच्या पलीकडच्या बाजूला आहे, आणि तुमची वाटणी जवळजवळ बरोबर होती असं सांगू शकते. प्रत्येक कंपनीचा एक कागद असतो, लग्नाच्या बायोडाटासारखा. दणकट. घरची. साहेबी. तरुण पण जबाबदार. गाडी कशी आहे याच्याशी त्या शब्दांचा संबंध असतोच असं नाही. लोकांनी तिला काय म्हणावं तेवढं त्यात लिहिलेलं असतं. मला हे अगदी वाईटच वाटतं असंही नाही. माणूससुद्धा घराबाहेर पडताना शर्ट इस्त्रीचा घालतो. गेल्या महिन्यात एका कंपनीने आपल्या कागदावर 'प्रामाणिक' हा शब्द घातला आणि महाराष्ट्रापुरती एक छोटी फिल्म आमच्याकडून मागितली. प्रामाणिकपणा दाखवायचा कसा, ते मीटिंगमध्ये कुणालाच सुचत नव्हतं. आणि मी बोलले. मी कधी बोलत नाही, बाबा, चार वेळा मनात वाक्य लावून बघते आणि मग ते सोडून देते. त्या दिवशी बोलून गेले.

मी पुडक्याचं सांगितलं. गाडीतून काढलेला प्रत्येक पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा ही तुमची रीत. कागदात गुंडाळायचा, सुतळीने बांधायचा आणि ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवायचा. "आम्ही काय काढलं ते त्याच्या डोळ्याले दिसलं पाहिजे," असं तुम्ही म्हणायचात. अमरावती रोडवर तेव्हा इतकी गॅरेजं होती, पण हे दुसरं कुणी करत नव्हतं. शाळेला सुट्टी असली की पुडकी बांधायचं काम माझ्याकडे असायचं. मी हे सांगत होते आणि आमचे सर पेन खाली ठेवून ऐकत होते. संपल्यावर ते म्हणाले, "अगं, हीच फिल्म आहे."

फिल्म तयार आहे. छोटी मुलगी पुडकं बांधते, बाप ते सीटखाली ठेवतो. मग तीच मुलगी मोठी होऊन कंपनीची नवी गाडी घेऊन काचेच्या वर्कशॉपमध्ये येते, आणि पांढरे हातमोजे घातलेला माणूस तिच्यासमोर एक डबा उघडतो. आत तिच्या गाडीतून काढलेला पार्ट. मग अंधार, आणि तुमचा फोटो, आत्ता भिंतीवरचाच, फोनवर काढून तात्पुरता लावलेला. खाली मी लिहिलेली ओळ, 'एका खऱ्या मिस्त्रीच्या आठवणीतून'.

मंगळवारी सरांची गाडी त्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला होती. ती आणायला मी सरांबरोबर गेले. ब्रेकपॅड बदलले होते. काउंटरवरच्या मुलीला मी सहज विचारलं, "जुने पॅड मिळतील का?" ती म्हणाली, "मॅडम, जुना माल स्क्रॅपमध्ये जाते. कोणी मागतच नाही."

"तुम्ही दाखवत नाही का?"

"दाखवून काय कराचं मॅडम? घाण असते."

पॅड बदललेच नसतील असं मी म्हणत नाही. बदलले असणार, गाडीचा ब्रेक चांगला लागत होता. ती मुलगीही नीट बोलली. पण फिल्ममध्ये जे घडतं ते तिथे घडत नाही, आणि हे मला आता माहीत आहे. परत येताना हे मी सरांना म्हटलं. त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली आणि हसले. "ही ब्रँड फिल्म आहे गं, वर्कशॉपची नियमावली नाही. जाहिरातीत गाडी डोंगराच्या टोकावर उभी असते, तेव्हा विचारतेस का, वर कशी चढली म्हणून?"

मी पाच दिवस ह्या प्रश्नाचं उत्तर शोधते आहे. डोंगरावरची गाडी कुणी खरी मानत नाही. कंपनीही मानत नाही, बघणाराही नाही, तो दोघांच्या संमतीचा खेळ आहे. पुडकं लोक खरं मानतील. ते खरं मानावं म्हणूनच तर त्याखाली तुमचा फोटो लावायचा आहे. तेव्हा हे सुचायच्या आत सिग्नल सुटला. उतरताना ते एवढंच म्हणाले, "तू सही केली नाहीस तरी फिल्म जाणारच आहे, फोटोशिवाय. फक्त कंपनीला काय सांगायचं, ते मग तू सांगायचं." मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली. ह्या नोकरीवर आमचं घर चालतं.

फॉर्म मी सहा वेळा वाचला आहे. सदर प्रसंग माझ्या कुटुंबात प्रत्यक्ष घडलेला आहे. खरं आहे. छायाचित्र माझ्या वडिलांचं आहे. खरं आहे. ते वापरायला माझी व माझ्या आईची हरकत नाही. ह्या चार पानांत एकही वाक्य खोटं नाही, बाबा, म्हणूनच माझा हात अडतो. कारण ती क्लचप्लेटसुद्धा खरीच होती.

तुम्हाला आठवत असेल. मी अकरा वर्षांची. उमरेडच्या एका जीपवाल्या काकांची क्लचप्लेट तुम्ही बदलली आहे, जुनी माझ्याकडे दिली आहे आणि जेवायला गेला आहात. तेवढ्यात कबाडी येतो. मी त्याला कोपऱ्यातला ढीग दाखवते, आणि तो गेल्यावर कळतं की काकांची प्लेटही त्याच ढिगाबरोबर गेली. दाराला अडकण म्हणून एक जुनी क्लचप्लेट ठेवलेली असते. मापाची तेवढीच, तशीच झिजलेली. मी ती उचलते, कागदात गुंडाळते, सुतळीला दोन गाठी जास्त मारते आणि जीपच्या सीटखाली ठेवते. काका येतात, हसून माझ्या डोक्यावर टपली मारतात, जातात. संध्याकाळी वारा सुटला आणि गॅरेजचं दार धाडकन आपटलं. तुम्ही दाराकडे बघितलं, खाली बघितलं, मग माझ्याकडे. "इथली प्लेट कुठं गेली वं?"

तुम्ही मारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हात रॉकेलने धुतलेत, मग साबणाने, आणि म्हणालात, "चाल." स्कूटरवर आपण उमरेडला गेलो. जीपवाले काका एसटी स्टँडबाहेर सवारीची वाट बघत होते. तुम्ही पुडकं मागून घेतलंत, उघडलंत आणि म्हणालात, "हा पार्ट तुमचा नाही."

"मंग काय झालं गा मिस्त्री?" काका हसत होते. "कबाडच आहे. तुमची का, माझी का. तेवढ्यासाठी पेट्रोल जाळत आले?"

"तुमची प्लेट कबाड्याकडे गेली. चूक माझ्या गॅरेजची आहे."

काकांचं हसू हळूहळू गेलं. "म्हणजे माझ्या गाडीत नवीन टाकली का नाही, हे मी कसं समजू?"

"गाडी आणा. तुमच्यासमोर गिअरबॉक्स उतरवून दाखवतो."

"पाहू," काका म्हणाले. ते परत कधी आले नाहीत. दर महिन्याला येणारं गिऱ्हाईक होतं ते. मला वाटलं होतं, तुम्ही माझं नाव घ्याल, आणि मी त्यांच्यासमोर रडायची तयारी करून ठेवली होती. तुम्ही नाव घेतलंच नाहीत. परतताना रसवंतीवर थांबलो, मला रस पाजलात, स्वतः घेतला नाहीत. ग्लास खाली ठेवताना म्हणालात, "दुसऱ्या गाडीचा पार्ट पुडक्यात नाही टाकाचा. रिकामं देलं असतं, हरवला म्हणून सांगतलं असतं, तरी चाललं असतं." एवढंच. त्या रसाची चव मला अजून आवडत नाही.

आत्ता आई बाहेर आली, फोटो घेऊन. "सापडला वं! पाह्य, मिशा कशा झकास दिसून राहिल्या. शेजारच्या काकूले सांगून बसली मी, टीव्हीवर येतात म्हणून." मी पेन खाली ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं. वर्कशॉपचं, सीटखालच्या पुडक्याचं, फॉर्मचं. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. मग म्हणाली, "मंग तू त्यायले सांगतलंच काहून?"

तिने फोटोवरची धूळ पदराने पुसली, ट्रंकेत परत ठेवायला उठली, आणि दारात थांबून म्हणाली, "उमरेडहून आले होते तवा जेवले नाही तुहे बाबा. पोरीले जास्त बोललो का, म्हणे." हे मला माहीत नव्हतं. तुम्ही बोललाच होतात दोन वाक्यं.

मी सही करणार नाही. हा फॉर्म मेलवरही आहे, दुसरी प्रत काढायला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे हा कागद लिहून भरल्याने काही मिटत नाही. उद्या अकरा वाजता सरांसमोर मला तोंडाने सांगावं लागेल. कंपनीचा माणूसही असेल. फिल्म जाईल, पुडकंही जाईल, ते मी मीटिंगमध्ये देऊन बसले आहे आणि परत मागता येत नाही. तुमचा फोटो तेवढा त्यात नसेल. मी वाक्य लावून बघते आहे. 'हा पार्ट तुमच्या गाडीचा नाही.' हे त्यांना कळणार नाही. दुसरं लावते. 'तुमच्या वर्कशॉपमध्ये असं करत नाहीत, मी विचारून आले.' हे कळेल. हे म्हणताना माझा आवाज फुटेल, आणि फुटला तरी म्हणायचं आहे.

आईला जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते, शेवटच्या पानाच्या शेवटी, कारण हा कागद आता कुणाकडेच जाणार नाही. त्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे बघावं असं मला वाटलं होतं, म्हणून सांगितलं. आणि फिल्म मला आवडली. सर बाहेर गेल्यावर मी ती तीनदा लावली. तिसऱ्यांदा आवाज बंद केला, कंपनीचं नाव ऐकू येऊ नये म्हणून. तुम्ही चार सेकंद दिसता. मी मोजले.