उशीखालून टॉवरला

आधी भांडण, मग खुशाली. तुझ्या आजोबांचा विमानांशी बोलायचा रेडिओ तू पायमोज्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेत कोंबलास आणि वर चिठ्ठी खोचलीस, आजीला आठवण म्हणून. मला त्यांची आठवण यायला यंत्र लागत नाही, त्यांचं घोरणं अजून कानात आहे. ते विमानं दुरुस्त करायचे आणि हा रेडिओ कमरेला लावून मैदानभर हिंडायचे. त्याला शोभेची वस्तू करायला तुला कुणी सांगितलं?

तर चिमणे, अनेक आशीर्वाद. जेवतेस का, झोपतेस का, हे विचारत नाही, कारण तू खरं सांगत नाहीस. गेल्या महिन्यात वर असताना तुझ्या विमानातला रेडिओ मुका झाला आणि टॉवरवाल्यांनी उतर म्हणून हिरवा दिवा दाखवला तेव्हा कुठे तू उतरलीस, हे मला तुझ्या आईकडून कळलं. मला तू म्हणालीस, काही नाही गं, वायर सैल होती. (सैल व्हायला ती काय माझी कवळी आहे?) त्याच दिवशी मी ट्रंक उघडली.

रेडिओची बॅटरी फुगून बसली होती, माझ्या थोरल्या जावेसारखी. तशी बॅटरी आता कुणी बनवत नाही म्हणे. आपल्या कोपऱ्यावरचा घड्याळवाला (तोच, जो दुरुस्तीपेक्षा सल्ला जास्त देतो) म्हणाला, आजी, भंगारात घाला. मी त्याच्या स्टुलावर बसून राहिले. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली तेव्हा त्याने मी सोबत नेलेल्या आजोबांच्या जुन्या डब्यात हात घातला आणि त्यात साधे पेन्सिल सेल बसवायची पेटी सापडली, ह्याच रेडिओची. त्याने खोडरबराने आतली पितळी टोकं घासली, सेल घातले आणि रेडिओ खरखरला. मला बरं वाटलं. तसं मी दाखवलं नाही.

आता तो चालतो की नाही, हे पाहायला नको? म्हणून मी रोज दुपारी सोफ्यावर बसून टॉवरचं बोलणं ऐकायला लागले. तुमचं विमानांचं मैदान घरामागेच, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू यायचं. त्या दिवशी शेजारीण आली. रेडिओ मी उशीखाली सरकवला आणि उशीला टेकून बसले. थोड्या वेळाने तो गप्प झाला. मला वाटलं, सेल संपले, घड्याळवाल्याला बघून घेते. प्रत्यक्षात बोलायचं बटण माझ्या पाठीखाली दाबलं गेलं होतं, आणि ते दाबलेलं असलं की आपल्याला काही ऐकू येत नाही, आपलं मात्र सगळ्यांना ऐकू जातं. (आजोबांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नाही. घरात तर उलटंच होतं, मी बोलायचे आणि कुणाला ऐकू जायचं नाही.) आम्ही आधी गुडघ्यांवर बोललो, मग तुझ्या आईच्या पोळ्यांवर, मग तुमच्या मोठ्या कॅप्टनवर. तेवढा वेळ टॉवरला दुसऱ्या कुणाशी बोलता येईना, आणि एक विमान वर नुसतं गिरक्या घेत राहिलं. शेवटी त्यालाही हिरवा दिवा दाखवावा लागला.

टॉवरचे साहेब स्वतः घरी आले. आमच्या बोलण्यात चिमणी, चिमणी ऐकून त्यांनी घर ओळखलं, तुझं हे नाव मैदानावरही गेलं आहे म्हणे. घरात बसून ह्याच्यावर बोलायची परवानगी नसते, असं त्यांनी मला हात जोडून सांगितलं. मी विचारलं, आवाज कसा होता? ते म्हणाले, आजी, खणखणीत. शब्द न् शब्द. मग अजून काय पाहिजे? परीक्षा झाली आणि पास झाला.

म्हणून रेडिओ पाठवते आहे. बटणाभोवती घड्याळवाल्याने माझ्या जुन्या चपलेच्या रबराची भिंत चिकटवली आहे, आता ते आपोआप दाबलं जाणार नाही. हल्ली एकमेकांना चिकटून काढलेली नवीन बारीक चॅनेल त्याला पकडता येत नाहीत, पण तुमच्या मैदानाचं येतं, ते लावून ठेवलं आहे. इंजिनच्या आवाजात त्याचं बोलणं ऐकू येणार नाही, म्हणून तुझ्या कानावरचं ऐकायचं-बोलायचं यंत्र त्याला जोडायची वायर साहेबांनी दिली, ती सोबत आहे. ती त्यालाच गुंडाळून ठेव. सेल महिन्याच्या महिन्याला उघडून बघ, पांढरं फुटलं की फेक. आणि रेडिओ मागच्या सामानात टाकू नकोस. मांडीजवळच्या खिशात, न बघता हात जाईल असा ठेव. मागे हात पुरेल इतकी तू लांब नाहीस, आपल्या घराण्यात कुणीच नाही.

तुझी
आजी

ता. क. तुमचे मोठे कॅप्टन हल्ली तुझ्याशी धड बोलत नाहीत, असं तुझी आई म्हणाली. वर गिरक्या घेत होते ते तेच. ते विमान पोतं आपटल्यासारखं उतरवतात, असं मी शेजारणीला सांगितलं होतं. माझ्या मनचं नाही, तूच मला सांगितलं होतंस, तेही मी सांगितलं.

पुन्हा ता. क. पत्र ह्यासाठीच लिहिलं. ह्या रविवारी इंजिन सुरू करून, विमानातला रेडिओ बंद ठेवून, टॉवरला ह्याच्यावरून हाक मार. मग तू मला फोन करून चालतो गं आजी म्हणशील, ते मी धरणार नाही, तू वायर सैल होती म्हणणारी. तुझा आवाज ह्यातून आला, हे टॉवरच्या साहेबांनी मला कळवायचं. तू नाही, तुझ्या आईने नाही. मी फोनजवळ बसून राहीन, आणि मला बसून राहता येतं हे घड्याळवाल्याला विचार.