ऋषीच्या भाजीतलं कूट

आई, यंदा ऋषिपंचमीची भाजी मी केली. तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच टोपात. आता ते सगळं वहिनीचं म्हणायचं, पण इतक्या वर्षांत माझ्या तोंडाला ते वळण लागलेलं नाही.

माझं रोह्याला लग्न झालं त्याच उन्हाळ्यात वहिनी आपल्या घरात आली, वडखळकडची, मिठागरावर काम करणाऱ्यांची मुलगी. पहिल्या गणपतीला मी माहेरी आले. पंचमीच्या सकाळी परसातलं अळू, माठ, शिराळं, भोपळा काढून आणलं आणि सुरण चिरायला बसले, तर तू विळी माझ्यापुढून ओढून घेतलीस. "तू आता पावनी हायस गो, बस. तिला शिकू दे." आणि तिला शिकवलंस तरी किती मायेनं! अळूला चिंच कधी लावायची, भोपळा शेवटी का घालायचा. मला असं जवळ बसवून कधी शिकवलं होतंस? मी आपली लांबून बघून बघून शिकले. माझा नुसता जळफळाट झाला.

तू देवापाशी वात लावायला उठतेस. वहिनी पाणी आणायला गेलीय. मी फडताळातला डबा काढते आणि शेंगदाण्याचं मूठभर कूट टोपात ढवळून टाकते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून तर परसात कुदळीनं पिकवलेली भाजी, आणि ते दाणे नांगरटीच्या शेतातले. वहिनीला बोलणी बसावीत आणि पुढच्या वर्षी पळी माझ्या हाती यावी, एवढंच मला हवं होतं. डबा परत ठेवताना वहिनी कळशी घेऊन दारात उभी दिसली.

पहिल्याच घासाला तू थांबलीस. "कूट कोणी घातलं? बैलाचं खाल्लं मी." वहिनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझ्याच हातून झालं, आई. सवयीनं पडलं." तू तिला नको नको ते बोललीस, ताट सारलंस आणि दिवसभर उपाशी राहिलीस. पण पुढच्या वर्षी पळी पुन्हा तिच्याच हाती दिलीस. तेव्हा मला तुझा राग आला, तो तू गेल्यावरही पुरता गेला नाही.

यंदा वहिनीचे गुडघे धरले, म्हणून तिनं मला बोलावलं. स्टुलावर बसून सांगत होती, "अळूला आधी चिंच लाव हां," अगदी तुझ्यासारखं. मध्येच हसून म्हणाली, "कुटाचा डबा वर ठेवलाय गो, तुझा हात पोचणार नाय." मी अळूला चिंच चोळत राहिले. जेवताना भाचा म्हणाला, "आत्या, डिट्टो आईच्या हातची!" आजीच्या हातची, असं कोणीच म्हणालं नाही.

हे पत्र मी घडी करून माझ्याच पिशवीत ठेवणार आहे. वहिनीची माफी अजून मागितलेली नाही. आणि तुला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तू उपाशी निजलीस, तेव्हा मागच्या दारी उभी राहून टोपातली ती भाजी मी हातानं खाल्ली. माझं कूट पडूनही ती थेट तुझ्या हातची लागत होती.