सतरा चित्रपटांच्या संगीतावरच्या नावाबद्दल

मी, एवर्ट सेलिन, वय अठ्ठ्याहत्तर, आधी 'क्रोकफूट' या रॉक बँडचा गिटारवादक, मग इतरांच्या रेकॉर्ड्सचा निर्माता आणि शेवटी चित्रपटांचा संगीतकार, राहणार नोरव्हिकेन, हॅर्नोसांडजवळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. मागच्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी घड्याळाचं चित्र काढायला लावून खात्री केली. जबरदस्ती कोणाची नाही. भीती आहे, पण ती जबरदस्तीत धरत नाहीत, असं वकील म्हणाले. शाळा मी सातवीत सोडून लाकडाच्या गिरणीत लागलो, तेव्हा चुका पोटात घालाव्यात.

१. घर, होडी आणि स्टुडिओ मुलगी मालिन हिला. शेगडीच्या धुराड्याची झडप नीट बसत नाही. मालिन, दोनदा बघ. निघताना पुन्हा बघ.

२. लाल गिटार बासवादक रूनेला. शहात्तर साली, "तुला तीनच सूर येतात," असं तो भर नाचाच्या मैदानात म्हणाला होता. त्याने आता चौथा शोधून दाखवावा.

३. सतरा चित्रपटांचं संगीत. हे कलम मी चार वेळा फाडलं.

मला स्वरलिपी वाचता येत नाही. त्र्याऐंशी साली पहिल्या दिग्दर्शकाने बारा व्हायोलिनं मागितली आणि लाजेपोटी मी "हो" म्हणालो. मग शीळ घालून भरलेली टेप घेऊन चर्चमध्ये गेलो. ऑर्गनवादक गुनवोर एडिन सराव करत होती.

"एवर्ट, ही तर नुसती शीळ आहे. बाकीचं कुठंय?"

"बाकीचं तू घाल ना."

तिने घातलं. पडद्यावर माझं एकट्याचं नाव आलं, बक्षीस मिळालं. पुढच्या वेळी सांगू म्हणालो. पुढच्या वेळी सांगणं आणखी अवघड झालं. असे सतरा चित्रपट झाले आणि खरं सांगायचं दार मी आतून बंदच ठेवलं. आता स्टॉकहोमच्या संग्रहालयाला माझ्या हातच्या समजून स्वरलिपीच्या वह्या प्रदर्शनात ठेवायच्या आहेत. "किती सुंदर अक्षर तुमचं!" असं तिथून आलेल्या मुली म्हणाल्या. अक्षर गुनवोरचं. मी "आभारी आहे" म्हणालो. तेव्हापासून जेवण जात नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी सगळे हक्क मृत्युपत्राने गुनवोरला लिहून दिले होते. तिला कळलं, तशी ती आली आणि साक्षीदार म्हणून तिनेच सही ठोकली. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे मला वकिलाने नंतर सांगितलं. मी जाब विचारायला गेलो, तर म्हणाली, "तू मेल्यावर सांगणार? म्हणजे तेव्हा तुला लाज वाटणार नाही आणि मला ऐकू येणार नाही. छान सोय आहे तुझी."

ती आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे.

म्हणून जाहीर करतो: सतराही चित्रपटांचं संगीत गुनवोर एडिन हिचं आहे. शीळ माझी. हक्क तिचे, तिच्यामागे तिच्या भाचीचे. चित्रपटांवरचं नाव बदलण्याचा अर्जही आज सही करून साक्षीदार स्तूरेकडे टपालात टाकायला दिला आहे, नाहीतर उद्या मी तोही फाडेन.

साक्षीदारांना मजकूर सांगावा लागत नाही. तरी मी हा सगळा मोठ्याने वाचून दाखवला. स्तूरेने अर्जाच्या पाकिटावर तिकीट चिकटवलं. दुसरी साक्षीदार इंगेगेर्ड म्हणाली, "अगं बाई! म्हणून होय! गायनवृंदात तुझं गाणं बसवू या म्हटलं की गुनवोर म्हणायची, आज माझा हात दुखतोय."

मी तिला गुप्ततेची शपथ घातलेली नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. गुनवोरच्या चर्चच्या गायनवृंदात ती पहिल्या रांगेत उभी राहते, म्हणूनच तिला बोलावलं.

नोरव्हिकेन, गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४
एवर्ट सेलिन

आम्हा दोघांसमक्ष एवर्टने शुद्धीत सही केली. सही त्याचीच.
स्तूरे वालग्रेन, निवृत्त पोस्टमन
इंगेगेर्ड मोबेरी, टपरीवाली (सही घाईत केली आहे. सहाला गायनवृंदाचा सराव आहे.)