बत्तीसचं स्टूल

ता. ३ मार्च

चि. काटेरावास,
अनेक आशीर्वाद.

पायाचं ऑपरेशन नीट झालं. थोडा ताप आहे, पण इथल्या थर्मामीटरवर जेमतेम एकोणचाळीस, शंभराच्या जवळपासही नाही. तेव्हा घड्याळांचं दुकान बंद करून इकडे धावत येऊ नकोस. बाईसाहेबांना कोल्ह्याने नेलं. आपल्या त्या बदकीची तुझ्याजवळची अंडी तेवढी उरली आहेत. उबवायचं यंत्र साडेनव्याण्णववर ठेव आणि अंडी रोज फिरवत जा.

लोभ वाढव, अंश वाढवू नकोस.
तुझी ताई

ता. ६ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

एकोणचाळीस वाचून जीव भांड्यात पडला. इकडे मात्र घोळ आहे. यंत्रातला थर्मामीटर माझ्या हातून फुटला. नवा आणला, तर तो पन्नासावरच संपतो. दुकानदार म्हणाला की हा सेल्सिअसचा आहे, यात साडेनव्याण्णव म्हणजे उकळतं पाणी. तूर्त अंड्यांना हात लावून अंदाजाने चालवतोय. लवकर कळव, बाईसाहेबांचा वंश माझ्या तळहातावर आहे.

घाबरलेला,
काटेराव

ता. ९ मार्च

चि. काटेरावास,
अ. आ.

लहानपणी तू स्टुलावर उभा राहून माझ्याएवढा व्हायचास, आठवतं? तुझा फॅरनहाइट तसाच बत्तीसच्या स्टुलावर उभा आहे. आधी स्टूल काढून घे, मग पाचाने गुणून नवाने भाग. साडेसदतीस येईल. हे गणित फक्त अंड्यांवर करायचं. इतर कुठे हुशारी दाखवायची गरज नाही.

हे तुला शिकवावं की नाही, याचा दिवसभर विचार केला. शेवटी अंड्यांची दया आली.

तुझी ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस,
नमस्कार मुद्दामच लिहिलेला नाही. रागावलोय.

साडेसदतीस आले, अंडी सुखात आहेत. मग सहज तुझं पहिलं पत्र काढलं. अंडी साडेसदतीसवर आणि तू एकोणचाळीसवर, म्हणजे तू अंड्यांपेक्षा तापलेली. गणित उलटं केलं, स्टूल परत पायाखाली दिलं. एकशे दोनच्या वर गेलं. जेमतेम म्हणे!

शेजारच्या शिंपीणबाईंना यंत्रापाशी बसवून उद्याच्या गाडीने निघतोय. पत्राआधी बहुतेक मीच पोचेन. तरी लिहितोय, कारण समोर आलो की मी नुसता भांडतो. अंडी गेली तर जाऊ देत. मला तू हवी आहेस.

काटेराव

ता. १७ मार्च

चि. काटेरावास,
अनेक आशीर्वाद.

ठरल्याप्रमाणे भांडून गेलास, आणि तू गेल्यावर तुझं पत्र आलं. नर्सबाईंना मोठ्या तोंडाने वाचून दाखवायला घेतलं, पण शेवटची ओळ मला काही वाचता आली नाही. ती त्यांनीच वाचली.

शिंपीणबाईंची चिठ्ठीही आली. तू इथे असताना पाच पिल्लं निघाली, आणि ती बाईंनाच आई समजून त्यांच्या शिलाई मशीनभोवती फिरतायत. तुझ्या वाट्याला मीच उरले.

आज माझा ताप साडेसदतीस. याचं गणित करू नकोस, तुला तो आकडा पाठ आहे. नर्सबाईंना म्हटलं, मला रोज कुशीवर फिरवत राहा, मीही निघेन बाहेर.

लोभ आणखी वाढला तरी चालेल, इथे मोजत कोणी नाही.
तुझी ताई