वाकलेला रॉड

दि. १४ डिसेंबर

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे.

आपल्या बुडालेल्या जीपचं इंजिन अखेर उघडलं. दीड वर्ष ताडपत्रीखाली होती बिचारी. मिस्त्री म्हणाला होता, काका, भंगारात घाला. मी ऐकतोय कसला! रोज सकाळी त्याच्याशेजारी स्टुलावर बसतो, डिझेलच्या चिंधीनं एकेक भाग पुसतो. गाळाखालचं लोखंड असं लख्ख उजळतं, की शाळेतल्या कविता आठवतात. परवा हातानं क्रँक फिरवताना एक चाल नकळत ओठांवर आली. मिस्त्रीनं विचारलं, काका, इंजिनाला जोजवताय काय?

लाइनर, पिस्टन रिंगा नव्या घातल्या. पंप आणि इंजेक्टर दुरुस्त होऊन आले. तू असतीस तर तासन्‌तास तिथून हलली नसतीस.

कधीचा टाळतोय. लिहितो आता.

तिसऱ्या पिस्टनचा रॉड वाकलेला निघाला. मिस्त्री म्हणाला, उभी गाडी बुडून रॉड वाकत नाही. आत पाणी असताना कुणीतरी इंजिन फिरवलंय; पाणी दबत नाही, मग रॉड वाकतो.

पुराच्या संध्याकाळी तू जीप पाण्यात न घालता ओढ्याअलीकडेच बंद करून पायी घरी आलीस. पाणी नंतर चढलं. सकाळी कामावर जाताना तू बजावलंस, "बाबा, इंजेक्टर काढून आतलं पाणी काढल्याशिवाय फिरवू नका." तुझी पाठ वळताच मी शेजारचा ट्रॅक्टर आणून जीपला दोर बांधला. ट्रॅक्टरवाल्याला ओढायला सांगून मी जीपमध्ये बसलो, इंजिन फिरावं म्हणून गिअर टाकून क्लच सोडला. आत कडकन वाजलं. मी ते ऐकलं, पोरी.

आणि रात्री जेवताना, सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणालो, हिच्या हातात गाडी दिली अन् इंजिनाची माती झाली. तू ताट सरकवून उठलीस, ती अजून घरी आली नाहीस.

काल आईला हे सांगितलं. तिनं भाजी निवडणं थांबवलं नाही. म्हणाली, "मला काय सांगता? जिला बोललात तिला सांगा. ज्यांच्यादेखत बोललात, त्यांनाही."

म्हणून हेच पत्र पाच वेळा लिहिलं. मामा, आत्या, मावशी आणि तुझ्या दादाकडे एकेक प्रत आजच टाकली. चौथ्या प्रतीपर्यंत अक्षर बरं वळणावर आलं होतं.

ही पहिली आहे. खाडाखोड तशीच ठेवून तुला पाठवतोय.

तुझ्यावर खोटा आळ घेणारा,
तुझाच बाबा